टाके काढायला कधी येताय?

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही... आजही नाही. त्यामुळे जे घडलं तेवढंच सांगतो.

आमचं गाव केज तालुक्यात, नांदूरघाटच्या अलीकडे. माझा थोरला भाऊ, दादा, गावच्या दूध संस्थेचा सचिव. त्या साली दुष्काळामुळे जनावरं चारा छावणीत गेली आणि दूध संकलन जवळपास बंदच पडलं. टँकरच्या पाण्याने अख्खं गाव अंग खाजवत होतं. दादाच्या कमरेवर लालसर चट्टे होते, पण ते फार जुने. नायटा समजून वर्षानुवर्षं मलम चालू होतं — तेवढ्यापुरतं दबायचं, पुन्हा उठायचं.

एका दुपारी दादा छावणीवर गेला होता आणि संस्थेत मी एकटाच होतो. फोन वाजला. एक बाई बोलत होत्या.

"दवाखान्यातून बोलतेय. सचिवसाहेब, टाके काढायला कधी येताय?"

"कसले टाके?"

"डाव्या कमरेच्या चट्ट्याचा तुकडा तपासायला घेतला ना, त्याचे. रिपोर्ट चांगला नाही. लवकर या."

कुठला दवाखाना म्हणून विचारेपर्यंत फोन बंद! दादाने तर कधी कुणाला तुकडा काढू दिला नव्हता.

संध्याकाळी त्याला सांगितलं. वाटलं, "कोण बे मस्करी करतंय?" म्हणून उखडेल. पण त्याने शर्ट वर करून डाव्या कमरेवरचा चट्टा पाहिला. मग म्हणाला, "उद्या लातूरला जाऊ."

तिथल्या त्वचारोगाच्या मॅडमनी चट्टे चिमटीत धरून पाहिले. वरचं कातडं कांद्याच्या सालीसारखं चुरगळत होतं. "हा नायटा वाटत नाही," म्हणाल्या आणि डाव्या कमरेचा तुकडा घेतला. रिपोर्टमध्ये काहीच पक्कं निघालं नाही. मी सुटकेचा निःश्वास सोडला, पण दादा हटून बसला — "पुन्हा काढा."

"बरोबर आहे, हा आजार पहिल्या तुकड्यात पुष्कळदा सापडत नाही," मॅडम म्हणाल्या. दुसऱ्या वेळी सापडला. कातडीचा लिम्फोमा... क्वचित होणारा, हळूहळू वाढणारा कॅन्सर.

टाके काढायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या माणसाला त्या फोनबद्दल विचारलं. तो म्हणाला, "आम्ही कुणाला फोन करत नाही. आणि फोनवर बोलायला इथं बाईमाणूस कुणी नाहीच."

कातडीवर अतिनील प्रकाशाचे उपचार सुरू झाले, चट्टे फिके पडले. तपासणी मात्र जन्मभराची. मग एकदा चहा पिताना दादा आपणहून बोलला.

"मला बी आलता तसा फोन. बाईच होती, टाक्यांचंच विचारत होती. राँग नंबर म्हणून ठेवून दिला."

"कधी?"

"लई वर्षं झाली." त्याने कप खाली ठेवला. "तवा माझ्या अंगावर एक बी चट्टा नव्हता रे."

याचा अर्थ आम्हाला आजवर लागलेला नाही. संस्थेतला फोन वाजला की आता आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो... उचलत कुणीच नाही.