वत्सलाताईंनी भरबाजारात घेतलेली बैठक

वत्सलाताई ढोले यांची आणि माझी पहिली भेट झाली ती कमानींच्या गदारोळात. मी सांगलीकडचा. नगर अभियंता म्हणून बदलीचा आदेश घेऊन मलकापूर स्टेशनवर उतरलो, तिथून एस.टी.ने या गावी आलो आणि बॅग हातात घेऊनच नगरपरिषदेच्या सभागृहाच्या दारात उभा राहिलो. आत पुढच्या वर्षाची मोठी कामे ठरवण्याची सभा चालू होती. प्रत्येक नगरसेवकाला आपापल्या वॉर्डाच्या तोंडाशी कमान हवी होती. अध्यक्षांच्या खुर्चीत बसलेल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या बाई शांतपणे ऐकत होत्या. सगळ्यांचे बोलून झाल्यावर त्यांनी विचारले, "कमानीतून माणूस आत आला, तं त्यानं जावं कुठं? रस्ता कोन्या वॉर्डात आहे, थे सांगा न मले."

नगरसेवक एकमेकांकडे पाहू लागले. तेवढ्यात त्यांचे लक्ष माझ्याकडे गेले.

"तुम्ही नवे इंजिनिअर काय? जेवले?"

"नाही ताई, आधी रुजू होतो."

"उपाशी माणूस रुजू नसते होत. जा, घरी भाकर-ठेचा आहे. खा अन् मंग या."

अशा रीतीने माझ्या या गावातील सेवेचा प्रारंभ नगराध्यक्षांच्या स्वयंपाकघरात झाला. तिथला ठेचा माझ्या सांगलीच्या जिभेला चांगलाच लागला, हे मी ताईंच्या या गौरवग्रंथाच्या मंगल प्रसंगी नम्रपणे नमूद करतो.

ताईंचे माहेर आणि सासर दोन्ही भाजीपाला पिकवणारे. लग्नानंतर कित्येक वर्षे त्यांनी स्वतः आठवडी बाजारात वांगी विकली. पुढे वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि ताई निवडून आल्या. घरातल्या पुरुषांना वाटले, सही ताईंची राहील आणि कारभार आपला. हा गैरसमज पहिल्याच सभेत दूर झाला. नगराध्यक्ष झाल्यावर तर त्यांना काय करायचे आहे, हे त्यांच्या डोक्यात पक्के होते. बाजारात बायकांसाठी शौचालय बांधायचे होते.

हे ऐकून मी थोडा हिरमुसलो. पूल, टाकी, निदान एखादे सभागृह तरी बांधावे, अशी अभियंत्याची हौस असते. ताईंनी माझा चेहरा ओळखला. म्हणाल्या, "साहेब, बाजाराच्या दिवशी आमी बाया पहाटेपासून पाण्याचा घोट घेत नव्हतो. उन्हाळ्यातई नाही. काऊन, तं जावं कुठं? माह्या शेजारी बसणारी शेवंता एक डाव चक्कर येऊन टमाट्यावर पडली. लोक टमाटे वेचत होते, तिले मी उचललं." त्यानंतर मी पुलाचे नाव काढले नाही.

आराखडा झाला, तांत्रिक मान्यता आली, निविदा निघाली. ठरलेल्या दिवशी मुख्याधिकारी, ताई आणि मी संगणकासमोर बसलो. एकही निविदा आली नव्हती. मुख्याधिकाऱ्यांनी इंटरनेटला दोष दिला. दुसऱ्यांदा जाहिरात दिली, पुन्हा तेच. या वेळी इंटरनेट उत्तम होते.

कारण गावात सगळ्यांना ठाऊक होते. इथले ठेकेदार कामे आधीच आपसात वाटून घेत. रस्ता असला की झुंबड उडे. शौचालयाला कोणी हात लावायला तयार नव्हते, कारण बांधल्यावर काही वर्षे देखभाल करण्याची अट ताईंनी घातली होती. ठेकेदारांचे पुढारी रामेश्वरशेठ यांनी तर कार्यालयात येऊन, पाय पसरून बसून सांगितले, "ताई, इतके वर्षं बाया भागवूनच राह्यल्या न? काय अडलं कोनाचं? थे पैसे रस्त्यात टाका."

मला वाटले, आता ताई भडकणार. त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "तुमचं म्हननं समजून घेऊ, शेठ. निविदापूर्व बैठक ठेवतो. सारे या. चहापानी माह्याकडून."

ही बैठक नगरपरिषदेत होईल, असा सगळ्यांचा समज होता. पण ताईंनी ती ठेवली बाजाराच्या दिवशी, बाजाराच्या मधोमध. मांडव घातला, खुर्च्या मांडल्या. ठेकेदार सकाळी आले तेव्हा वाट मोकळी होती. थोड्याच वेळात बैलगाड्या, हातगाड्या आणि टेम्पो यांनी त्यांच्या मोटारी चहूबाजूंनी वेढल्या. मी अटी वाचू लागलो. "घाई करू नका, साहेब, नीट समजावून सांगा," असे ताई मला मधूनमधून बजावत होत्या. आधी चहा आला. मग ताक आले. मग टरबूज कापले गेले. मग उसाचा रस, बर्फ घालून. ताईंचा आग्रह तर साऱ्या तालुक्याला माहीत. "घ्या शेठ, ऊन लय आहे," म्हणत त्यांनी रामेश्वरशेठांना रसाचा दुसरा पेला स्वतःच्या हाताने दिला.

दुपार झाली तशी मंडळींची चुळबुळ सुरू झाली. अखेर रामेश्वरशेठ हळूच उठले आणि बाजाराच्या भिंतीकडे निघाले. त्या भिंतीला लागून शेवंताबाई मेथीच्या जुड्या मांडून बसल्या होत्या. "या शेठ, मेथी देऊ काय? ताजी आहे!" शेठ वळले आणि पलीकडच्या भिंतीकडे गेले. तिथे भेंडीवाली होती. तिनेही प्रेमाने हाक मारली. तिसऱ्या कोपऱ्यात कांद्यांचे ढीग आणि चार-पाच बाया. त्या दिवशी भिंतीची एक वीतही मोकळी नव्हती. शेठ परत येऊन खुर्चीच्या टोकावर बसले.

"काय झालं शेठ? बसा न नीट. आता देखभालीची अट राह्यली," ताई म्हणाल्या.

शेठ खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, इथं जवळपास कुठं...?"

"नाही न शेठ. थेच तं बांधाचं आहे."

आधी शेवंताबाई हसल्या, मग भेंडीवाली, मग सारा बाजार. ठेकेदारही हसले, पण बेताने, कारण जोरात हसण्याची त्यांची स्थिती नव्हती. ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "शेठले माह्या घरी घेऊन जा, मागच्या गल्लीनं. लवकर जा. मानूस वयाचा आहे."

जाताना शेठ माझ्याही पुढे झपाझप चालत होते. परतताना मात्र थांबले आणि म्हणाले, "साहेब, माही माय बी बाजारात बसे. मले हे सुचलंच नाही कधी."

तिसऱ्या जाहिरातीला निविदा आल्या, शेगावकडूनही एक आली. सगळ्यांत कमी दर रामेश्वरशेठांचा होता. काम त्यांना मिळाले आणि त्यांनी ते खरोखर चांगले केले. मात्र वाटणी मोडली म्हणून त्यांचेच साथीदार चिडले. या अभियंत्याने शेठसाठीच अटी बनवल्या, अशी त्यांनी वर तक्रार केली. चौकशी लागली. निलंबनाच्या धास्तीने माझी झोप उडाली. चौकशी अधिकाऱ्यांसमोर मी तोंड उघडण्याआधीच ताई म्हणाल्या, "अटी माह्या आहेत. यानं फक्त शुद्ध मराठीत लिहिल्या. विचाराचं असन तं मले विचारा." बैठक बाजारात का घेतली, या प्रश्नावर त्यांनी 'जागेची पाहणी' असे उत्तर दिले. चौकशी अधिकाऱ्यांनी शेवंताबाईंनाही विचारले, तेव्हा त्यांनी आपण टमाट्यावर पडल्याची गोष्ट सांगितली. मग कागद मिटले आणि चौकशी तिथेच संपली. ताईंनी त्यानंतर या गोष्टीचा माझ्याजवळ कधी उच्चारही केला नाही.

उद्घाटनाला मोठे पाहुणे मिळेनात. शौचालयाची फीत कापायला कोणी धजेना. ताईंनी कात्री शेवंताबाईंच्या हाती दिली. त्यांनी फीत कापली, आत गेल्या आणि कडी लावली. बाहेर बँडवाले वाजवून थकले, मुख्याधिकारी भाषणाचा कागद धरून उभे राहिले. बऱ्याच वेळाने शेवंताबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "हां. आता बोला काय बोलाचं थे." त्यानंतर कोणाचेही भाषण रंगले नाही.

ताईंनी पुढे रस्ते केले, पाण्याची टाकी केली, माझी पुलाची हौसही भागवली. त्या कामांविषयी या ग्रंथात इतरांनी लिहिलेच आहे. मी गेल्या महिन्यात त्यांना भेटायला गेलो, तेव्हा त्या गुडघ्याला तेल चोळत होत्या. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली आहे. कधी करणार, असे विचारले तर म्हणाल्या, "दोन डॉक्टरांचे दर आले. तिसऱ्याचे येऊ द्या, मंग उघडू."

म्हणून या गौरवग्रंथाच्या निमित्ताने, आपणा सर्वांच्या साक्षीने, त्यांचा जुना अभियंता या नात्याने मी ताईंना एकच विनंती करतो. ताई, आयुष्यभर आपण नियम पाळलात. या एका कामात सगळ्यांत कमी दर पाहू नका. चांगल्या हाताला काम द्या, लवकर द्या आणि गुडघा टिकाऊ बसवून घ्या. आपल्याला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. या गावाची बरीच कामे अजून बाकी आहेत, आणि आपण स्वतः येऊन उभ्या राहिल्याशिवाय इथे कोणी धड काम करत नाही.