पंचवीसशे एकवीस

माझ्या स्कूटरचा नंबर २५२१. नवी पेठेतल्या चहाच्या टपरीवर रोज एक म्हातारा भेटायचा, सारा जन्म मागावर चादरी विणलेला. माझी स्कूटर थांबली की नंबरावरून बोट फिरवायचा आणि हळहळायचा, "एक जादा झाला बघा, सर!"

त्याच्या लेखी प्रत्येक आकडा म्हणजे चादरीचे उभे धागे. २५२० असते, तर दोनापासून दहापर्यंत प्रत्येकानं भाग गेला असता, हवी ती नक्षी बसली असती. येणाऱ्या-जाणाऱ्या रिक्षाही तो अशाच तपासायचा, बशीतला चहा फुंकत.

मी गणिताचा मास्तर. एकदा ऐकवलंच, "आजोबा, २५२१ ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जात नाही. तिचा रुबाबच वेगळा!"

"म्हंजे कुटंच बसत न्हाय की," म्हणत तो मिशीत हसला.

मला हसू आलं नाही. मुलं कमी झाली म्हणून त्याच आठवड्यात शाळेत मला अतिरिक्त शिक्षक ठरवलं होतं. रागारागात मी ते त्याला सांगून टाकलं.

त्यानं बशी खाली ठेवली. खांद्यावरचा जुना टॉवेल काढून त्याचा काठ माझ्या हातात दिला.

"नक्षीत न बसलेला धागा आमी टाकत न्हाय, सर. काठात घेतो. वढून बघा."

मी जोर लावून ओढला. टॉवेल मधे पार विरला होता. काठ तेवढा शाबूत होता.