रोल धुवेपर्यंत

फोटो स्टुडिओत दहा वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. आमचे निम्मे किस्से घाबरण्याचेच! तेव्हा क्लिक करून लगेच बघायची सोय नव्हती. लग्न लागायचं, मांडव उतरायचा आणि रोल धुवेपर्यंत आमचा जीव टांगणीला. डोंबिवलीत मानपाडा रोडला अप्पांचा स्टुडिओ होता. अप्पा मालक, मी त्यांच्या हाताखालचा फोटोग्राफर.

* * *

मी काढलेलं पहिलं लग्न खोपटला. फ्लॅश लावला की शटर साठवर, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागावर ठेवायचं, हा नियम. मी जोशात अडीचशेवर ठेवलेलं! फ्लॅश पेटायच्या आत शटरचा पडदा अर्धा मिटलेला. प्रत्येक फोटोत नवरी लख्ख आणि नवरदेवाच्या जागी काळोख.

वरमाई थरथरायला लागल्या. "अहो, हा अपशकुन तर नाही ना?"

अप्पांनी हात जोडले. "अपशकुन नाही ताई, हा आमचा मोहन!"

तरी वर्षभर मी खोपटला गेलो की नवरदेव धडधाकट आहे ना, ते लांबून बघून यायचो.

* * *

एकदा एका कारखान्याचं उद्घाटन होतं. कॅमेऱ्यात रोल शंभरचा आणि मी डायल ठेवली चारशेवर, म्हणजे उजेड चौपट कमी. सगळे पाहुणे काळवंडलेले. अप्पांनी प्रिंट बघितले आणि शांतपणे विचारलं, "कोण गेलं रे?"

अप्पा ओरडले की भीती वाटायची. शांत बोलले की जास्त वाटायची.

* * *

शहाडला एका आजोबांचा फोटो घरातच काढायचा होता. उजेड कमी, रोल स्लो, म्हणून शटर एक सेकंद उघडं. अप्पा म्हणाले, "आजोबा, श्वास रोखा. हलू नका."

फोटो काढला आणि अप्पा कॅमेरा आवरायला लागले. आजोबा हलेनात! सुनेने हंबरडा फोडला.

आजोबांनी एक डोळा किलकिला केला. "सोडू का आता?"

* * *

अप्पांच्या मुलीचं, सुमनचं लग्न कल्याणला झालं. अप्पांनी आधीच बजावलेलं, "लग्न तू काढ. पाठवणी मी काढणार. फ्लॅश नको, डोळ्यांतलं पाणी मरतं."

पाठवणीला दिवस मावळत आलेला. अशा वेळी अ‍ॅपर्चर म्हणजे भिंगाचं छिद्र पूर्ण उघडायचं, शटर हळू ठेवायचं. मी बघितलं तर अप्पांच्या भिंगाची रिंग सोळावर, छिद्र जवळपास बंद, आणि शटर पाचशेवर! रोलवर उजेडाचा थेंबही पडणार नव्हता. माझा रोल संपलेला. अप्पांच्या डोळ्याला कॅमेरा असताना बोलायची आमच्यात कोणाची छाती नव्हती. तरी मी तोंड उघडलं. तेवढ्यात सुमन आईच्या गळ्यात पडली आणि अप्पांचे खांदे हलायला लागले. मी गप्प बसलो. त्यांनी अख्खा रोल काढला.

सकाळी रोल अप्पांनीच धुतला. ओली निगेटिव्ह बल्बसमोर धरली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काचेसारखी कोरी. मी दाराशी उभा. अप्पा एकेक चौकट सावकाश बघत होते.

"ये मोहन, बघ," ते म्हणाले. "किती रडतेय बघ माझी पोर."