माप देताना बायका पोट आत घेतात

दूध पिता पिता रेवाची मान सैल पडते, आणि ऋजुताचेही डोळे जड होतात. दुपारचे अडीच वाजलेत. चारच्या मीटिंगमध्ये तिला सांगायचंय, इस्पितळाच्या वॉर्डसाठीचं सॉफ्टवेअर कसं बांधायचं. बाळंतपणाच्या रजेनंतरचं तिचं हे पहिलंच काम. आधी सगळ्या गरजा लिहून सह्या घ्यायच्या, मग आराखडा, मग बांधणी, मग चाचणी, असं एकामागून एक करत वर्षाने हाती द्यायचं? की आठवड्याभरात काहीतरी कच्चं करून नर्सबायांच्या पुढ्यात ठेवायचं? साहेबांचा कल पहिल्याकडे. गरजांचं चौऱ्याऐंशी पानी बाड उशाशी आहे, पेन त्यातच. उजवा हात रेवाच्या मानेखाली अडकलाय. फक्त पाच मिनिटं, ती स्वतःला बजावते.

"पाच मिनिटं म्हणणारी बाई तासभर झोपते."

शालन आत्या. जाऊन तीन वर्षं झालीत, पण बसलीय कराडच्या दुकानात बसायची तशीच. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. तरी बोलणं स्वच्छ ऐकू येतं. पलंगाचं कापडं बेतायचं टेबल झालंय. कापलेल्या चिंध्यांत रेवा निवांत झोपलीय. आत्या बाड झटकते आणि ते खणासारखं उलगडतं.

"हे कुणाचं माप?"

"गाडेकर सिस्टरांच्या वॉर्डचं. एकेक गोष्ट विचारून लिहिलीय, आत्या. खाली सही आहे त्यांची."

"माझ्या मापाच्या वहीत सही सुलभा इनामदारनंही केली होती."

ऋजुताला हसू फुटतं. त्या सहीवर विसंबून आत्याने शालूवरचा ब्लाउज एका दमात कापला, शिवला, आणि ऐन माळ घालताना नवरीचा हात काही वर जाईना.

"टेप चुकली नव्हती माझी," आत्या म्हणते. "माप देताना बायका पोट आत घेतात गं. खोटं नसतात बोलत. नीटनेटकं दिसायचं असतं प्रत्येकीला."

दुकानाचं दार वॉर्डात उघडतं. गाडेकर सिस्टर स्वतःच्या तळहातावर पेनाने ताप लिहीत निघाल्यात. ऋजुता पान बेचाळीस काढते: नर्स ताबडतोब संगणकावर नोंद करेल. संगणक आठ खाटा पलीकडे, भिंतीशी आहे.

"म्हणजे सगळंच कच्चं शिवू?"

"शालूच्या खणाला कात्री एकदाच लागते. तिथे मोजूनमापूनच."

"औषधांच्या मात्रा," ऋजुता पुटपुटते. "त्या आधी लिहायच्या, डॉक्टरांकडून तपासून घ्यायच्या. त्या क्रमानेच. पण सिस्टर जिथे बोट लावणार, तो सॉफ्टवेअरचा पडदा..."

"तो तिच्या अंगावर चढव. हात वर करायला लाव, पोळ्या लाटायला लाव."

"साहेब म्हणतील, अर्धवट काम दाखवते."

"दाखवायचंच. कच्चे टाके लाल दोऱ्यानं घालावेत, ठळक. ते दिसले की बाई मोकळेपणानं म्हणते, इथं काचतंय. पक्कं शिवून दिलंस तर भिडेखातर 'छान झालंय' म्हणेल आणि पेटीत टाकेल." आत्या बाड उलटं करून तिच्यापुढे सरकवते. "काढ."

"हात अडकलाय."

"डाव्यानं काढ. वेडंवाकडंच हवंय."

रेवा चुळबुळते. तीन वाजून दहा मिनिटं. बाडाच्या पाठकोऱ्या पानावर थरथरत्या रेघांनी आठ खाटा काढल्यात, प्रत्येकीपाशी बोट मावेल एवढा चौकोन. कधी काढल्या, ऋजुताला आठवत नाही. डाव्या हाताच्या बोटांना मात्र शाई लागलीय.

ती फोटो काढून गाडेकर सिस्टरांना पाठवते. 'हे कच्चं आहे. कुठे काचतंय?'

सही करताना ज्यांनी एकही शंका काढली नव्हती, त्यांचं उत्तर चार मिनिटांत येतं.

'आठच खाटा कशा? दोन पेशंट कायम जमिनीवर असतात माझे. त्यांचा ताप कुठे लिहू?'

चौऱ्याऐंशी पानांत जमिनीवरचा पेशंट एकदाही आलेला नाही. ऋजुता रेवाखालचा हात न हलवता, डाव्याच हाताने, खाटांच्या खाली आणखी दोन चौकोन काढते.