बाबा मागच्या सीटवर बसतात

आमच्या बाईक ग्रुपची ट्रिप असते आठ दिवसांची आणि प्लॅनिंग चालतं चार महिने. त्यामुळे ट्रिपचे नुसते फोटो उरतात, किस्से सगळे प्लॅनिंगचे. त्यात यंदा माझ्या मागे बसायला निघाले आमचे बाबा. मग काय, किस्से ठेवायला घरात जागा उरली नाही!

ग्रुप छोटासाच. ठाण्याचा प्रसाद, ज्याला एक्सेल शीट केल्याशिवाय पोहेसुद्धा घशाखाली उतरत नाहीत. विठ्ठलवाडीचा किरण, त्याचं गॅरेज आहे. आणि डोंबिवलीची मी. बेत मे अखेरीचा, हिमाचलचा. वरचा घाट नुकताच उघडलेला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती! पण माझ्या मागे बसणाऱ्या मैत्रिणीनं टांग दिली. मी व्हिडिओ कॉलवर तिच्या नावानं बोटं मोडत होते, तेवढ्यात पेपरामागून आवाज आला, "सीट रिकामी आहे ना? मी येतो."

आईचं लाटणं थांबलं. "तुम्ही? मागे बसणार? अहो, रिक्षात बसलात तरी त्या रिक्षावाल्याला गिअर सांगता!"

बाबा तीस वर्षं कल्याणहून लाल बस चालवायचे, बहुतेक ड्युटी माळशेज घाटातून. प्रसाद म्हणाला, "काका, तुम्हाला डोंगराचं काय कौतुक? माळशेज तर कोळून प्यायलाय तुम्ही!"

"घाट कसा दिसतो ते पॅसेंजरना विचार," बाबा म्हणाले. "मी तीस वर्षं पुढच्या ट्रकचं बूड बघितलंय."

सगळे हसले. मला नाही हसू आलं. बाबांना न्यायचंच, हे मी तिथंच ठरवलं.

पण प्रसादचा नियम आडवा आला. मागे बसणाऱ्यानं आधी एका घाटात ट्रायल द्यायची, चालवणाऱ्याला त्रास झाला तर नापास आणि ट्रिप रद्द. नियम सगळ्यांना सारखा. ट्रायल ठरली मार्चमध्ये, आणि ती माळशेजलाच!

*

बाबांनी अभ्यास सुरू केला. रोज संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझी बाईक मेन स्टँडवर लावायची, हेल्मेट घालायचं आणि मागच्या सीटवर तासभर बसायचं. बूड दुखायची सवय व्हावी म्हणून. पुढे कुणीच नाही!

दुसऱ्या मजल्यावरच्या नेनेकाकू पिशवी घेऊन खाली उतरल्या. "निघालात वाटतं?"

"हो."

तासाभरानं काकू भाजी घेऊन परत आल्या. बाबा तिथंच.

"अहो, अजून इथंच?"

"ट्रॅफिक आहे," बाबा म्हणाले.

*

सामान प्रत्येकी सात किलो, असं प्रसादच्या शीटमध्ये ठळक अक्षरात होतं. बाबांची बॅग किरणच्या गॅरेजमध्ये काट्यावर ठेवली. साडेअकरा! किरणनं बॅग उघडली, तर स्वेटरखाली लाकडाचा हा मोठा ठोकळा.

"काका, हे काय?"

"चाकाला लावायला. घाटात गाडी उभी केली की ठोकळा पाहिजेच."

"अहो, बाईकला साइड स्टँड असतो!"

"बसला हँडब्रेक नव्हता काय रे?"

किरणनं काट्याकडे बोट दाखवलं. शेवटी बाबांनी ठोकळा ठेवला आणि स्वेटर काढला. बर्फात जायचंय, याची आईनं आठवण करून दिल्यावर दोघांचं जे भांडण झालं ते इथं सांगत नाही.

*

प्रसादनं हेल्मेटमध्ये बसवायचे इंटरकॉम आणले. बोलत बोलत जाता येतं. बाबांनी ते साफ नाकारले. "हेल्मेटवर एक टकटक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. कंडक्टरची घंटी अशीच असते."

पहिल्याच दिवशी कल्याण शीळ रोडवर त्यांना शिंका आल्या. दोन शिंका, हेल्मेटवर हेल्मेट दोनदा आपटलं. सिग्नल लाल, आणि मी निघाले की हो! समोरच्या हवालदारानं शिट्टी फुंकली, तेव्हा कुठं भानावर आले.

*

आणि मग ट्रायल. मार्चमधला रविवार, सकाळी सहा. बाबा साडेचारपासून तयार, दाढी करून.

मुरबाड आलं तसं मागून ओरडले, "स्टँडात घे, स्टँडात घे! एंट्री करायची राहील!" मी खरंच आत घेतली. बस स्टँडमध्ये चार बसच्या मध्ये माझी बाईक! कंट्रोलर खिडकीतून बघत राहिला. बाबा स्वतःच हसायला लागले.

घाटात मात्र हसू पळालं. "हॉर्न दे. दुसऱ्यात टाक. अगं ब्रेक! आतून घेऊ नकोस!" प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबायला जायचा आणि माझ्या घोट्याला लागायचा. वर पोचेपर्यंत मी रडकुंडीला आले होते. मागून येणाऱ्या प्रसादनं सगळं पाहिलं होतं. त्यानं टपरीवर चहा सांगितला.

"नापास ना रे मी?" बाबांनीच विचारलं. इतका पडलेला चेहरा मी त्यांच्या रिटायरमेंटलाही पाहिला नव्हता.

"काका, अजून उतरायचं बाकी आहे," प्रसाद म्हणाला.

मला राहवलं नाही. "बाबा, आज ड्युटी माझी आहे. तुम्ही पॅसेंजर."

बाबांनी चहा संपवला आणि गुपचूप मागे बसले.

पहिलं वळण गेलं. मागून शब्द नाही. दुसरं गेलं. ब्रेक नाही, हॉर्न नाही, घोट्याला लाथ नाही. मला धास्तीच वाटली, झोपले की काय! आरशात पाहिलं. बाबांनी मागची दांडी घट्ट धरली होती, हेल्मेटची काच वर केली होती आणि मान पार डावीकडे वळवली होती. मार्चमधला घाट तो. धबधबे आटलेले, गवत वाळलेलं, बघायला काळा कातळ आणि कुठं कुठं पेटलेला पळस. मी गाडी आणखी हळू घेतली.

घाट संपला. सपाटीला गाडी कडेला घेऊन मी मागे वळले. "बाबा, ठीक आहात ना?"

"वळव," बाबा म्हणाले. "उजवी बाजू राहिली."