वस्तादांचा तांब्या

सोमवारच्या टपालाने सर्जेराव या पेशंटला दुसरीकडे हलवायचं पत्र जाणार होतं, आणि शनिवारी दुपारी मला वॉर्डातल्या खाटा मोजता येत नव्हत्या.

खाटा बारा. वर्षभर मी त्या रोज मोजत होतो. त्या दिवशी एकदा तेरा आल्या, एकदा नऊ. वर पंखा फिरत होता आणि तो माझंच नाव घेतोय असं वाटत होतं. दारातून सिस्टर गेल्या. माझ्या डोक्यात काय चाललंय ते त्यांना ऐकू गेलं, याची मला खात्रीच पटली. मी भिंतीला टेकून खाली बसलो.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. सांगलीतल्या एका दवाखान्यात, मानसिक रुग्णांच्या वॉर्डात मी अटेंडंट होतो. म्हणजे पेशंटला आंघोळ घालायची, जेवू घालायचं, अंगावर आला तर धरायचं, आणि दिवसभरात तो कसा वागला ते वहीत लिहायचं. त्या वहीला ऑब्झर्व्हेशन बुक म्हणत. मी वाशीमकडचा, सातवीत शाळा सुटलेला. मेट्रनबाईंनी नोकरी दिली, वर स्टोअरशेजारची खोली राहायला दिली. ते उपकार मी आजही विसरलेलो नाही. पण त्यामुळेच कायम धास्ती असायची. जरा चुकलं की परतीच्या गाडीत बसवतील, असं वाटायचं.

सर्जेराव बावीस वर्षांचा पैलवान. गाव पाटणकडे, पण चार वर्षं सांगलीतल्या तालमीत राहायला. महिन्यापूर्वी त्याला वस्ताद घेऊन आले. वस्ताद म्हणजे तालमीचे गुरू. सर्जेरावचं म्हणणं असं, की पलीकडच्या तालमीची माणसं भिंतीतून बोलतात, आणि आपल्या मनातलं सगळ्या सांगलीला ऐकू जातं. दवाखान्याच्या भाकरीत विष आहे म्हणून तो ती खात नसे. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. फरक नाही.

डॉक्टरसाहेब पुण्याचे. त्यांनी पहिल्याच दिवशी वस्तादांकडून सर्जेरावची हिस्टरी घेतली होती. हिस्टरी म्हणजे आजाराआधीची सगळी माहिती. त्यात एक प्रश्न ठरलेला.

"काही नशा करतो का?"

वस्ताद रागावलेच. "साहेब, बिडी वढणाऱ्याला मी तालमीच्या दारात उभा करत न्हाई."

ते खरंही होतं. डॉक्टरांनी लिहिलं, नशा नाही.

महिना सरत आला तेव्हा डॉक्टरांनी पत्र टाइप करून घेतलं. पेशंटला लांबच्या मोठ्या मेंटल हॉस्पिटलला रेफर करण्याचं पत्र. रेफर म्हणजे पुढे पाठवणं. त्या काळी तिकडे गेलेला माणूस घरच्यांच्या हिशेबात संपल्यातच जमा असे. सर्जेरावची आई पत्राचं ऐकून पायरीवर बसून राहिली.

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. वहीत मी लिहायचो, "सकाळी जरा बरा. संध्याकाळी जास्त." रोज तेच. मधे वस्ताद दोन दिवस औंधला देवीला गेले होते. त्या दोन दिवसांची माझी नोंद होती, "आज मला नावाने हाक मारली." ते परतले आणि पुन्हा भिंती बोलायला लागल्या. मला वाटलं, वस्तादांना बघून त्याला कुस्ती आठवत असेल, म्हणून बिघडत असेल.

वस्ताद रोज दुपारी पितळेचा तांब्या घेऊन यायचे. वर ओलं फडकं. आत थंडाई. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी वाटून दुधात घातलेली. सर्जेराव विश्वासाने घ्यायचा ते एवढंच. डॉक्टर म्हणाले होते, "पिऊ दे. तेवढंच पोटात जातं." तांब्या वस्तादांच्या हातून घेऊन मीच पेल्यात ओतून द्यायचो.

त्या शनिवारी सर्जेराव पेला माझ्यापुढे धरून म्हणाला, "घे रं. लय बारीक हायस तू. घरचं कोन न्हाई व्हय हितं तुला?"

महिनाभर मला विष घालणारा समजणारा माणूस असं बोलला. मला नाही म्हणवेना. एक पेला प्यायलो. गोड होतं. तासाभराने खाटा मोजायला लागलो.

माझ्याबरोबर ड्युटीला पवार होता, तासगावचा. माझे डोळे बघून तो हसायलाच लागला.

"घोटा घेतलास व्हय रं?"

"कसला घोटा?"

"भांग, गड्या. त्या तालमीच्या थंडाईत असतीया."

"मग डॉक्टरांना सांगितलं का नाहीस?"

"त्यात काय सांगायचं? त्यांनी नशेचं इचारलं. थंडाईचं कुठं इचारलं?"

रात्र कशीतरी गेली. रविवारी सकाळी डोकं ताळ्यावर आलं आणि भीती वाढली. सांगावं तर ड्युटीवर पेशंटचं प्यायलो हे कबूल करावं लागणार. गप्प राहावं तर उद्या पत्र जाणार. राउंड संपल्यावर मी डॉक्टरांसमोर उभा राहिलो आणि एका दमात सगळं सांगितलं.

त्यांनी हातातली फाइल मिटली. मग विचारलं, "तू किती प्यायलास?"

"एक पेला."

"आणि तो?"

"तांब्यात पाच पेले बसतात, साहेब."

दुपारी वस्ताद आले. डॉक्टरांनी त्यांना खुर्ची दिली.

"थंडाईत काय काय घालता?"

वस्तादांनी बदामापासून सुरुवात केली आणि शेवटी मीठ सांगावं तसं म्हणाले, "आन घोटा."

"किती?"

"लिंबाएवढी गोळी. सर्जाला दोन. अंग थोर हाय त्याचं. तालमीत दोन येळला, हितं दुपारचंच."

"कधीपासून?"

"दीड वरीस झालं असंल."

"मी तुम्हाला नशेचं विचारलं होतं."

"आवं साहेब, ती नशा न्हवं. खुराक हाय त्यो. मी सोता तीस वर्सं घेतोय. मला कवा काय झालं?"

"तुम्हाला नाही झालं. सगळ्यांचं डोकं सारखं नसतं. याच्या घरात कुणाला असा त्रास होता?"

"चुलता व्हता. भ्रमिष्ट हून घर सोडून गेला."

डॉक्टरांनी समजावलं. भांग असो की गांजा, झाड एकच. घेणाऱ्यातल्या प्रत्येकाला वेड लागत नाही. पण कोवळ्या वयात, रोज, भरपूर घेतलं, आणि घराण्यात आधीच आजार असला, तर धोका फार वाढतो. माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, सगळे आपल्या वाइटावर आहेत असं वाटतं. बंद केल्यावर बरेच जण काही आठवड्यांत सावरतात. काही सावरत नाहीत.

"ह्यो कशातला?" वस्तादांनी विचारलं.

"बंद केल्याशिवाय कळणार नाही."

वस्तादांनी तांब्या उचलला, बाहेर जाऊन मोरीत ओतला आणि तिथेच नळाखाली घासत बसले. बराच वेळ घासत होते.

पत्र ड्रॉवरमध्ये गेलं. गोळ्या चालूच राहिल्या. पहिला आठवडा वाईट होता. झोप नाही, चिडचिड, एकदा माझा सदरा फाडला. मला वाटलं, माझंच चुकलं. दहाव्या दिवशी त्याने दवाखान्याची भाकरी खाल्ली. तिसऱ्या आठवड्यात भिंतीला कान लावून बसला आणि म्हणाला, "गप झाल्याती रं." मग काही दिवसांनी आईकडे बघून ओळखीचं हसला. सहाव्या आठवड्यात घरी गेला.

पुढच्या महाशिवरात्रीला मित्रांनी आग्रह केला म्हणून एकच पेला घेतला, आणि आठ दिवसांत परत वॉर्डात. या वेळी वस्तादांनी दारातच सांगितलं, "साहेब, घोटा." त्यानंतर त्याने भांग कधी शिवली नाही. कुस्ती सुटली. गावी शेती केली, लग्न झालं. तालमीत पोरांचा घोटा वस्तादांनी बंद केला. स्वतःचा मात्र चालू ठेवला.

माझी नोकरी राहिली. डॉक्टरांनी मेट्रनबाईंना काही सांगितलं नाही. फक्त त्या दुपारी मला काय काय वाटलं ते माझ्याकडून एका कागदावर लिहून घेतलं आणि सर्जेरावच्या फाइलला लावलं. सातवीवाल्याचं अक्षर, डॉक्टरांच्या कागदांत.

पुढे तीस वर्षांच्या नोकरीत हजारो नातेवाईक भेटले. नशा करतो का, असं मी कुणालाच विचारलं नाही. विचारायचो, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय जातं? मग खुराक, प्रसाद, औषध सगळं बाहेर यायचं. लिहून झालं की नातेवाईक चहा विचारायचे. मी नको म्हणायचो. पेशंटकडचा एक पेला मला जन्मभर पुरला होता.