भाऊजींचा बंबाचा कारखाना

वैशाखात अंगणात नुसती ठेवलेली पाण्याची बादली जिथं दुपारपर्यंत आपोआप तापते, त्या वऱ्हाडात पाणी तापवायचे बंब करून विकावेत असं वाटणारा माणूस देवाने एकच घडवला, आणि तो माझ्या मोठ्या बहिणीच्या गळ्यात बांधला. आम्ही त्यांना भाऊजी म्हणत असू. गाव त्यांना बंबवाले म्हणायचं, आणि पाठीमागे आणखीही काही म्हणायचं. पन्नास सालानंतरची ही गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. मी तिथल्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होते आणि ताईकडेच राहत होते, त्यामुळे भाऊजी नावाचा हा प्रकार मी रोज आणि फार जवळून पाहिला. भर मे महिन्यात घामाने निथळत ते तांब्याचा पत्रा ठोकत बसत. कोणी म्हटलं, "भाऊ, आग पडून राह्यली न तुमी बंब कायले करता?" की मान वर न करता म्हणत, "म्हनूनच करून राह्यलो. हिवाळ्यात तुमाले घाई असते." हिवाळा त्यांना वर्षभर समोर दिसायचा. मृगाच्या सुमारास लोक आभाळाकडे बघून पेरणीचं बोलायला लागले की हे समाधानाने म्हणत, "चला, एवढं आटोपलं का मंग थंडीच!"

या उद्योगाचा उगम दुर्दैवाने आमच्याच माहेरी झाला. ताईचं लग्न अकोल्याला होतं आणि वरपक्षाची गैरसोय नको म्हणून वडिलांनी घरातला मोठा तांब्याचा बंब जानवशावर पाठवला होता. मुहूर्ताची वेळ झाली, भटजी घसा खाकरायला लागले, आणि नवरदेवाचा पत्ता नाही. माणसं धावली. नवरदेव जानवशाच्या मागच्या अंगणात सापडले. विस्तव काढून बंब आडवा पाडलेला, आणि स्वारीचं मुंडकं बंबाच्या नळीत! आग मधल्या नळीत आणि पाणी तिच्या भोवती, एवढीशी युक्ती त्यांना इतकी आवडली होती की बाहेर सनई वाजते आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. तसंच उचलून आणून त्यांना बोहल्यावर उभं केलं. अंतरपाट दूर झाला तेव्हा ताईला त्यांच्या कपाळावर काजळीचा चांगला बोटभर पट्टा दिसला. दृष्ट लागू नये म्हणून सासूबाईंनी तीट लावली असेल, असं बिचारीला वाटलं. खरा प्रकार कळल्यावर ती म्हणाली, "म्हंजे माह्याआधी त्याइनं बंबच पाह्यला!"

लग्नानंतर वर्षभरात भाऊजींनी घरच्या सरकीच्या दुकानातून अंग काढून घेतलं आणि स्टेशनच्या पलीकडे टिनाचं एक छप्पर उभारलं. त्याला ते 'कारखाना' म्हणत. कारखान्यात भाऊजी, कुठून तरी गोडीगुलाबीने पळवून आणलेला एक म्हातारा तांबट आणि एक भाता, एवढाच पसारा होता. पाटी मात्र छपराहून लांब. पहिला बंब तयार झाला तो इतक्या ठिकाणी गळायचा की आजूबाजूची पोट्टी त्याच्याभोवती उभी राहून आंघोळ करून गेली. भाऊजी अजिबात खट्टू झाले नाहीत. "पानी तापलं न पन?" असं त्यांनी प्रत्येक पोराला विचारलं. पुढे गळती थांबली, बंबही देखणे व्हायला लागले, पण हा प्रश्न काही थांबला नाही. रस्त्यात भेटेल त्याला ते नमस्काराऐवजी पाण्याबद्दलच विचारत.

त्यांच्या प्रत्येक बंबावर ठसठशीत अक्षरांत कोरलेलं असे, 'आधी पाणी, मग आग'. रिकाम्या बंबाखाली जाळ केला तर सांध्यांना डाग द्यायला वापरलेलं शिसं वितळून बंब जातो, म्हणून. आमच्या गावातल्या एका नामांकित वकिलांनी नेमकं तेच केलं आणि वर तक्रार घेऊन आले. भाऊजींनी त्यांना बंबासमोर उभं केलं आणि ती अक्षरं मोठ्याने वाचायला लावली. "पुन्हा वाचा," म्हणाले. वकिलांनी पुन्हा वाचली. आयुष्यभर दुसऱ्यांना वाचायला लावणाऱ्या त्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग भाऊजींनी त्यांना गूळ-शेंगदाणे दिले आणि बंब नवा करून दिला.

बंब घरी पोचवायला ते स्वतः जात, आणि खांद्यावर पंचा टाकून जात. कारण पहिली आंघोळ कारखानदाराची, असा त्यांचा नियम. विकलेल्या बंबाचं पाणी आपल्या अंगावर घेतल्याशिवाय त्यांना तो विकला असं वाटतच नसे. अनसिंग गावात एका घरच्या सासूबाई आडव्या आल्या. "अवो माय! हा कोन परका मानूस आमच्या न्हानीत आंग धुऊन राह्यला!" भाऊजींनी वाद घातला नाही. बंब उचलून अंगणात आणला, पेटवला, आणि निम्म्या गावासमोर धोतर खोचून शांतपणे आंघोळ केली. त्या एका आंघोळीवर अनसिंगात पुढे बरेच बंब खपले. सासूबाई मात्र त्यानंतर कधी दारात उभ्या राहिल्या नाहीत.

पण त्यांचा खरा विक्षिप्तपणा वेगळाच होता. बंब मागायला कोणी आलं की भाऊजी आधी त्याची उलटतपासणी घेत. आंघोळीला ते 'आंघोय' म्हणत. "घरात आंघोया किती? पयली कोनाची? अन् शेवटची कोनाची?" या तिसऱ्या प्रश्नावर सगळे अडखळत. रिसोडचा एक धान्याचा व्यापारी असाच अडखळला आणि मग चिडला. "शेवटी कोन आंघोय करते ते मले काय ठाव? मले बंब पायजे, पंचनामा नाई!" भाऊजी म्हणाले, "मंग घरी जाऊन इचारून या. बंब पयल्या मानसासाठी नसते भाऊ. पयल्याले काय, गंजभर पानी चुलीवरबी तापते. शेवटच्या मानसाले ऊन पानी भेटलं तरच थो बंब." व्यापारी तणतणत निघून गेला. पुढच्या बाजाराच्या दिवशी परत आला आणि हळूच म्हणाला, "आई करते. थंड्या पान्यानं करते. मले ठावच नव्हतं." भाऊजींनी त्याला बंब मोठा करून दिला. अशा रीतीने गिऱ्हाइकं परत पाठवणारा कारखाना जितकी वर्षं चालावा तितकीच चालला, म्हणजे ते दशक संपायच्या आत छपराला कुलूप लागलं. पण त्या मधल्या काळात वाशीमच्या कितीतरी घरांतल्या बायकांना हिवाळ्यात ऊन पाणी मिळालं ते या माणसाच्या हट्टामुळे, हे मी कोणासमोरही छातीठोक सांगेन.

आता आमच्या घरचं ऐका. आमच्या घरी बंब नव्हता!

होय, नव्हता. बंबवाल्यांच्या घरी पाणी चुलीवर गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात तापे. ते गंज फडक्याने धरून न्हाणीपर्यंत नेण्यात ताईची सकाळ जाई. तिला वाताचा त्रास होता. थंडी पडली की बोटांचे सांधे सुजत आणि मुठी वळत नसत. तसल्या हातांनी ती आम्हा सगळ्यांना पाणी काढून देई आणि शेवटी तिच्या वाट्याला जे काही कोमट-थंड उरेल ते दोन तांबे घाईघाईने अंगावर घेई, कारण तोवर चुलीवर भाकरीचा तवा चढलेला असे. भाऊजी दर दसऱ्याला म्हणत, "यंदाच्या दिवाईले तुह्या नावाचा बंब, अवो सुमनची माय!" सुमन ही माझी भाची, तिच्या पाठचा एक भाऊ. आणि बंब यायचासुद्धा. एका दिवाळीला आला तो आतली नळी नीट बसली की नाही ही शंका आल्यामुळे भाऊजींनी दुसऱ्याच दिवशी फोडून पाहिला. नळी उत्तम बसलेली निघाली. नंतरच्या दिवाळीला आला तेव्हा दारात एक शेतकरी येऊन उभा, त्याच्या घरी सून नुकतीच बाळंत झालेली. भाऊजींनी ताईकडे पाहिलं, ताईने मान हलवली आणि बंब छकड्यात चढला. बाळंतिणीसाठी नाही म्हणणारी ती नव्हेच. पण छकडा वळणाआड गेल्यावर ती मला म्हणाली, "नेला त्याचं काई नाई गं. पन याइले एकदाबी माह्या हाताकडं पाहावं वाटत नाई, ह्याचं वाईट वाटते." इतकं बोलून ती उठली आणि भांडी घासायला बसली.

माझं डोकं फिरलं. मी शाळेतून परस्पर कारखान्यात गेले आणि म्हटलं, "भाऊजी, माझ्या माहितीतल्या एका बाईंना बंब हवाय. पैशाचं मी बघते."

"या मास्तरीनबाई!" त्यांनी पोतं झटकून मला बसायला दिलं आणि तपासणी सुरू केली. "घरात आंघोया किती?"

"पाच. आधी घरधनी करतो, मग दोन पोरं शाळेची. मग एक नातेवाईक बाई आहे, तिला नोकरीवर जायचं असतं."

"तिले तर लय पानी लागत असन."

"लागतं थोडं," मी म्हटलं. "शेवटी घरची बाई करते. गार पाण्याने. सांध्यांना वात आहे, बोटं सुजतात. त्याच हातांनी सगळ्यांचं पाणी उचलते."

भाऊजींनी हातोडी खाली ठेवली. "अन् थो घरधनी काय करून राह्यला?"

"तो असतो आपल्या कामात."

"काम कसलं बोडख्याचं! बायकोचे हात सुजले तं दिसत नाई त्याले? आंधया हाय का?" ते इतके तापले की म्हातारा तांबटही भाता थांबवून बघायला लागला. मला हसू फुटत होतं. मी पदर तोंडाला लावला.

तो बंब त्यांनी कधी नव्हे इतक्या मायेने केला. तोटीची कळ चिमटीत धरून फिरवावी लागू नये म्हणून तिला आडवी लाकडी मूठ बसवली. सुजल्या हाताच्या तळव्याने नुसती ढकलली की पाणी येईल अशी. घरी जेवताना ते ताईलाच त्या बाईची हकिकत सांगत आणि त्या अज्ञात घरधन्याला शिव्या घालत. ताईला मी काही बोलले नव्हते. ती भाकरी वाढता वाढता ऐकून घेई आणि म्हणे, "असतात एकेकाचे भोग."

पौषातल्या एका रविवारी संध्याकाळी आम्ही निघालो. हातगाडीवर बंब, खांद्यावर पंचा टाकलेले भाऊजी गाडी ढकलताहेत, आणि पुढे रस्ता दाखवायला मी. बाजार मागे पडला, मारुतीचं देऊळ आलं. "आपल्याच बाजूले राह्यते वाट्टे," ते म्हणाले. मी वळले. आमची गल्ली लागली तसं त्यांचं गाडी ढकलणं मंदावलं. आमच्या दारासमोर मी थांबले. ताई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, दोन बोटांनी जमेना म्हणून अख्ख्या हाताने. भाऊजींनी गाडी सोडली नाही. किती वेळ त्या हातांकडे बघत उभे राहिले. मला वाटलं रागावतील, निदान माझ्यावर तरी ओरडतील.

"कोनाचा हाय हो बंब?" ताईने विचारलं.

"तुहा," ते म्हणाले आणि खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी डोळे पुसले. चारचौघांत, रस्त्यावर. नवऱ्याला रडताना ताईने तोवर कधी पाहिलं नव्हतं. तिची शेंगांची परडी मांडीवरून घरंगळली आणि ती आधी शेंगाच गोळा करायला लागली.

दुसऱ्या दिवशी पाणी त्यांनीच भरलं. तुराट्या मोडून जाळही त्यांनीच घातला. मग चुलीपाशी जाऊन म्हणाले, "ऊठ वं. आज पयली आंघोय तुही." ताई म्हणाली, पोरांची शाळा आहे, भाकरी व्हायच्या आहेत, मास्तरीणबाईला उशीर होईल. भाऊजींनी तवा उतरवून खाली ठेवला. ती गेली. आम्ही चौघं न्हाणीच्या बाहेर, अंगणात, कपडे काखोटीला मारून उभे राहिलो. आतून लाकडी मूठ सरकल्याचा आवाज आला, मग पाण्याचा. दोन तांब्यांत बाहेर येणारी ताई काही केल्या येईना. ऊन अंगणात उतरलं. शाळेची पहिली घंटा झालेली मला ऐकू आली. पोरं चुळबुळायला लागली आणि सुमनने दार वाजवायला हात उचलला. भाऊजींनी तिचा हात धरून हळूच खाली घेतला.

"राहू दे बाई," ते म्हणाले, "पानी हाय अजून."